वर किती?

गुरांच्या बाजारात बैलाची बैलाशी अदलाबदल होते, तेव्हा सारा सौदा शेवटी दोन शब्दांवर येऊन अडतो : 'वर किती?' एकाचा बैल चार दाती, दुसऱ्याचा जुळलेला. एकाचा खांदा भक्कम, तर दुसऱ्याची चाल देखणी. तंतोतंत बरोबरीची जोड कधी मिळतच नाही. मग उपरण्याखाली हात जातात, बोटे दाबली जातात, दलाल उगाच आभाळाकडे पाहतो आणि हलक्या बैलाच्या धन्याने वर किती मोजायचे ते ठरते. बैल मारका असेल, तासात बसणारा असेल, तर ती खोड आधी सांगायची. न सांगता दावे हाती दिले आणि मागाहून खोड निघाली, तर गाव घेणाऱ्याच्या बाजूने उभे राहते.

या सदरात जुन्या वस्तूंच्या देवघेवीच्या गोष्टी मी दरसाल सांगत आलो आहे. घड्याळे झाली, तबकड्या झाल्या, पितळी अडकित्तेही होऊन गेले. यंदा दिवाळी अंकासाठी काय लिहावे या विवंचनेत असताना पणदऱ्याहून एक पत्र आले. पत्र लिहिणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले ऊस-बागाईतदार. गाव त्यांना आबा म्हणते, मीही तेच म्हणेन. पत्रातला मजकूर असा होता : "आमच्याकडे वडिलांच्या वेळचे एक रिव्हॉल्व्हर आहे. आमचे व्याही त्यांच्याकडचे देऊन आमचे नेऊ म्हणतात. दोन्ही सारख्याच मोलाची आहेत असे आपण एकदा समक्ष येऊन सांगितलेत, म्हणजे मन मोकळे होईल. खंडेनवमीला यावे."

पत्र मी दोनदा वाचले. 'सारखी आहेत की नाहीत ते सांगा' असे आबांनी लिहिले नव्हते. 'सारखी आहेत असे सांगा' असे लिहिले होते.

माझ्याकडे हे काम का आले तेही सांगून टाकतो. तरुणपणी पाचएक वर्षे मी पुण्यात एका बंदुकांच्या दुकानात हिशेबनीस होतो. बंदूक चालवण्यात मला कधी गोडी वाटली नाही. पण वही लिहिता लिहिता वस्तूही पाहायला शिकलो. दुकानातला म्हातारा कारागीर दुपारच्या वेळी एकेक हत्यार माझ्यापुढे ठेवी आणि विचारी, "हिशेबनीस, यात खोटं काय ते सांगा." त्या शाळेची फी म्हणून मी त्याला रोज एक चहा पाजत असे.

नीरेवरून बारामतीकडे जाणाऱ्या एस. टी.ने पणदऱ्याला उतरलो. हा सारा मुलूख नीरेच्या डाव्या कालव्याने हिरवा केलेला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि कारखान्यांची धुराडी पेटायच्या बेतात होती. आबांच्या वडिलांच्या काळी गुऱ्हाळे जोरात होती. गुळाच्या पट्टीचे रोख पैसे घेऊन रात्री-अपरात्री बैलगाडीने परतावे लागे. त्या भीतीपोटी त्यांनी १९५६ साली परवाना काढला आणि मुंबईहून एक रिव्हॉल्व्हर आणले. ते आयुष्यात एकदाही माणसावर रोखायची वेळ आली नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते कोयता, विळा आणि नांगराच्या फाळाशेजारी पाटावर बसे आणि झेंडूचे फूल घेऊन पुन्हा कपाटात जाई.

व्याही इंदापूर तालुक्यातले, वालचंदनगरच्या बाजूचे. त्यांना बापू म्हणू. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला ते लेकीकडच्या पाव्हण्यांच्या घरी आले, पाटावरचे रिव्हॉल्व्हर उचलून पाहिले आणि त्यांचे मनच बसले. तेव्हापासून भेट झाली की विषय निघे : "पाव्हणं, माझं अमेरिकन घ्या, तुमचं विलायती द्या. वर मी काय मागत न्हाई."

आता कोणी म्हणेल, मन बसले तर पैसे देऊन विकत घ्यावे, अदलाबदल कशाला? त्याला कारण आहे. शस्त्रांच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पूर्वी एका माणसाला तीन बंदुका बाळगता येत, त्या दोनवर आल्या. बापूंकडे एक बारा बोअरची दुनळी आणि एक रिव्हॉल्व्हर, आबांकडेही तसेच. दोघांचे ताट भरलेले. एक दिल्याशिवाय दुसरे घेता येत नाही. शिवाय हा व्यवहार म्हणजे बैलाचे दावे हाती देण्याइतका सोपाही नाही. १९५९च्या कायद्याप्रमाणे, कोणाला देणार त्याच्या नावपत्त्यानिशी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचे आणि मग निदान पंचेचाळीस दिवस थांबायचे. घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद झाल्याखेरीज वस्तू हलता कामा नये. रागाच्या किंवा लोभाच्या भरात झालेले सौदे या दीड महिन्यात बरेच निवळत असतील, असे मला वाटते. लग्नांनाही अशी मुदत ठेवायला हरकत नव्हती!

खंडेनवमीच्या सकाळी पूजा झाली. बापू आपले रिव्हॉल्व्हर परवान्यासकट घेऊन आले होते. ओसरीवर सतरंजी, तिच्यावर पांढरे धोतर पसरले आणि दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या. आधी दोन्ही उघडून रिकामी असल्याची खात्री केली. हे पहिले काम. मालक शंभरदा 'रिकामं हाय' म्हणाला तरी ते आपल्या डोळ्यांनी करायचे.

बापूंचे रिव्हॉल्व्हर बघणाऱ्याचे डोळे दिपवणारे होते. स्मिथ अँड वेसन, बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचे. नळीपासून मुठीपर्यंत निकेलचा झगझगीत मुलामा. आरशात पाहून मिशी कातरावी! त्यापुढे आबांचे वेब्ली अँड स्कॉट, तेही बत्तीस बोअरचे आणि सहा गोळ्यांचे, अगदीच गावंढळ दिसत होते. काळपट निळा रंग, नळीच्या टोकाशी म्यानात घासून उघडे पडलेले लोखंड, आणि डाव्या अंगाला चापाच्या वर रुपयाएवढा एक तांबूस, खरबरीत डाग.

"तो डाग कसला?" मी विचारले.

आबा ओशाळले. "कुंकवाचा. आईनं लावलं, मग मंडळींनी लावलं. दरसाल त्याच जागी. लावलेलं पुसायचं कसं, म्हणून तसंच ठेवायचं कपाटात."

साठ-पासष्ट वर्षांचे ओले हळदकुंकू त्या पोलादाने पिऊन टाकले होते. आमच्या दुकानातल्या कारागिराने कपाळावर हात मारून घेतला असता.

बापू हसले. "म्हणून तर म्हणतो, मी तोट्यात चाललोय. पण मला आवडलंय, काय करता?"

मी वेब्ली हातात घेतले. घोड्याशेजारची कळ दाबली की हे हत्यार कमरेत मोडते, नळी खाली झुकते आणि सहाही काडतुसे एकदम वर उचलली जातात. वेब्लीची ही जुनी खूण. १८८७ साली ब्रिटिश सैन्याने पहिले वेब्ली घेतले तेव्हापासून ही मोडण कायम राहिली. पंखवाल्या गोळीचे चिन्ह बोटाला लागत होते, अक्षरांच्या कडा करकरीत होत्या. बर्मिंगहॅमला १८१३ पासून एक परीक्षागृह आहे. तिथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात आणि ती टिकली तरच शिक्का मारतात. ते शिक्केही जागच्या जागी होते. स्क्रूच्या खाचा जशा कारखान्यातून आल्या तशा. म्हणजे आजवर कोणी अडाणी हाताने ते उघडलेले नव्हते. नळीमागे पांढरा कागद धरून पाहिले, तर आतले आटे नव्या पेचासारखे लखलखीत. घोडा मागे ओढून सिलिंडर हलवून पाहिले, सहाही घरे पाहिली. हूं की चूं नाही. आणि आबांनी पत्र्याच्या डब्यातून काढून दिली ती मुंबईच्या दुकानाची १९५६ सालची पावती, वडिलांच्या परवान्याची वही, आणि स्वतःच्या परवान्याची वही. क्रमांक तिन्हींत एकच.

मग मी ते अमेरिकन उचलले, आणि उचलल्याबरोबर पोटात गोळा आला.

घोडा आणि चाप दोन्ही निकेलचे होते. स्मिथ अँड वेसनच्या कारखान्यात निकेलचा मुलामा चढवीत, पण घोडा आणि चाप त्यातून वगळीत. पोलाद तापवून-विझवून त्यांना जी मोरपंखी, ढगाळ रंगाची झाक येते, ती तशीच ठेवीत. घोडा-चापही आरशासारखे चकाकत असले, म्हणजे समजावे की मुलामा कारखान्याबाहेर चढलेला आहे. बाजूवरचे चिन्ह चोळून चोळून अर्धे पुसले होते आणि कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. मुठीच्या तळाशी एक क्रमांक होता. तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर असायला हवा. तिथे निराळाच निघाला. उजव्या बाजूची लाकडी फळी काढून आत पाहिले, तिथला आकडा तर तिसराच. म्हणजे अंग एकाचे, सिलिंडर दुसऱ्याचे आणि मूठ तिसऱ्याची. सगळ्यावर एक पांघरूण घालून वरात काढलेली. त्यात सहापैकी एका घराला सिलिंडर पुरते अडकत नव्हते, जरा मागेच राहत होते. अशा घरातून बार काढला तर गोळी नळीत शिरताना शिसे खरवडून बाजूला उडण्याचा धोका.

हे सारे पाहायला मला वीस मिनिटे लागली असतील. दोघे व्याही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "उद्या सकाळी सांगतो. रात्री जरा विचार करू द्या."

विचार कसला करायचा होता? वस्तूंबद्दलचा निकाल तर लागलेलाच होता. तरी एक गोष्ट मनात तोलून पाहण्यासारखी होती खरी. आपल्याकडे जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत ठरते ती तिच्या म्हातारपणावर नव्हे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर दुकानदारांना परदेशी हत्यारे आणण्याची बंदी झाली. देशात जी होती तीच हातोहात फिरत राहिली. पुढे कानपूरच्या सरकारी कारखान्याची बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हरे निघाली, तरी विलायती-अमेरिकन नावाची ओढ सुटली नाही, आणि एके काळी काही शेकड्यांत मिळणारी वस्तू लाखांत गेली. हा भाव टंचाईचा. याच भावाचा उलटा चमत्कार पाहा : १९१५ साली निघालेले मोठ्या बोअरचे वेब्ली, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला असलेले, संग्राहकाच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे; पण त्याचा बोअर आपल्याकडे निषिद्ध वर्गात मोडतो, म्हणून साध्या परवानेवाल्याला ते घेताच येत नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणजे भावही नाही.

परदेशातला हिशेब निराळा. तिथे वस्तू तिच्या गोष्टीसकट विकली जाते. न्यू मेक्सिकोतला बिली द किड नावाचा दरोडेखोर १८८१ साली पॅट गॅरेट या शेरीफने ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरने मारला, ते २०२१च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात साठ लाख डॉलरांवर गेले. याहून मला आवडते ती पॅरिसची हकीकत. व्हॅन गॉग या चित्रकाराने १८९० साली ऑव्हेर गावच्या शेतात स्वतःला गोळी घालून घेतली. पुढे १९६५च्या सुमारास तिथल्या एका शेतकऱ्याला जमिनीत गंजून गेलेले एक रिव्हॉल्व्हर सापडले. ते हेच असावे, असे मानतात; खात्री कोणालाच देता आलेली नाही. चाप ओढला तर तुकडे पडतील अशी त्याची दशा. २०१९ साली ते १ लाख ६२ हजार ५०० युरोला गेले. पण अशा वस्तूला तिच्या गोष्टीचा पुरावा लागतो, निदान दाट संभव तरी लागतो. आबांच्या पत्र्याच्या डब्यात तोच होता. आणि कुंकवाचा डाग? संग्राहक त्यासाठी किंमत थोडी कापील. मी मात्र तो डाग पावतीशेजारी ठेवला असता.

कोणत्याही तराजूत घाला, पारडे आबांकडेच झुकत होते. अडचण होती ती निकाल सांगण्याची. आबांना 'सारखे आहे' हे ऐकायचे होते. मुलीच्या सासऱ्याने दोन वर्षे धरलेला हट्ट पुरा करून एकदाचे मोकळे व्हायचे होते. बापू तर आपण उदारपणा करतो आहोत अशा समजुतीत. मी 'दोन्ही एकाच तोलाची' म्हटले असते, तर तिघेही बासुंदी खाऊन सुखाने झोपलो असतो.

झोप आली नाही, कारण १९८७ सालची एक दुपार आठवली. साताऱ्याकडची एक विधवा बाई नवऱ्याचे रिव्हॉल्व्हर घेऊन आमच्या दुकानात आली होती. आदल्या वर्षी नवरा वारलेला, परवाना संपलेला, घरात हत्यार ठेवायची धास्ती. ते वेब्लीच होते, आबांच्याहून जरा जुने. मालकांनी ते उलटेसुलटे केले आणि म्हणाले, "बाई, भंगार आहे हे. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात..." आणि एक रक्कम सांगितली. बाईंनी मान डोलावली. पावती मी लिहिली. माझे अक्षर चांगले होते, बाईंनी त्याचे कौतुकही केले. तीन महिन्यांनी तेच हत्यार आठपट किमतीला गेले, आणि त्याचीही पावती मीच लिहिली. मालकांनी काही कायदा मोडला नव्हता. बाईंना कोणी जबरदस्ती केली नव्हती. तिने राजीखुशीने सही केली होती. फक्त काउंटरच्या अलीकडे बसलेल्या आम्हा तिघांना जे ठाऊक होते, ते पलीकडे उभ्या असलेल्या तिला ठाऊक नव्हते. म्हातारा कारागीर त्या दिवशी माझ्याकडचा चहा प्यायला नाही.

सकाळी ओसरीवर चहा आला. मी बापूंना म्हणालो, "बापू, बाजारात बैलाची खोड आधी सांगतात. तुमच्या बैलाला खोड आहे. पण तुम्ही ती लपवली नाही, तुम्हालाही ती ठाऊक नाही." आणि घोडा, चाप, तीन ठिकाणचे तीन आकडे, अडकणारे घर, सगळे एकेक करून दाखवले.

बापू बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी मूठ पुन्हा पुन्हा उलटी करून आकडे वाचले. मग म्हणाले, "सत्त्याण्णव साली दोन एकर उसाचं बिल घातलं होतं यात. मला 'कंपनीचा मुलामा' म्हणून सांगितलं."

"ज्यानं विकलं त्यालाही ठाऊक असेल असं नाही," मी म्हणालो. "मधे किती हात झाले कोण जाणे."

"तुमी मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

आबांना ते सहन होईना. "जाऊ द्या की पाव्हणं! मला कुठं दुकान घालायचंय? तुमच्या मनात भरलंय, घेऊन जावा. माझ्या दृष्टीनं सारखंच हाय."

"सारखं कसं?" बापू एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "चारचौघांत मी फुकट घेतलं म्हणायचं? लेकीच्या बापाकडनं काढून घेतलं म्हणायचं?" मग माझ्याकडे वळून त्यांनी बाजारातलाच प्रश्न टाकला : "वर किती?"

मी म्हणालो, "रुपयातले सहा-सात आणे तरी." म्हणजे आबांची वस्तू रुपयाची धरली, तर बापूंची नऊ-दहा आण्यांची. हे ऐकून बापूंनी खिशात हात घालावा, असे झाले नाही; पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते घालतील असे दिसत होते. आबा मात्र उठूनच उभे राहिले.

"लेकीच्या घरचा पैसा मी घेऊ? पाव्हणं, अहो तिच्या घरचं पाणी प्यायला मला पहिलं नातवंड होईस्तोवर अवघड वाटलं!"

माझ्या लक्षात आले की हा सौदा बरोबरीत येण्याचा रस्ताच बंद आहे. बैलवाल्यांना वर पैसे देता-घेता येतात, कारण ते एकमेकांचे कोणी नसतात. इथे आबांनी पैसे न घेता द्यावे, तर त्याला लोक एकच नाव देतील आणि ते नाव बापूंनाही नको होते. पैसे घेऊन द्यावे, तर आबांची मान खाली. लग्नाच्या वेळी दोघांनी हुंडा घेतला-दिला नव्हता, हे आबांनी मला आदल्या रात्री अभिमानाने सांगितले होते. मग बारा वर्षांनी तो अशा मागच्या दाराने यावा, हे दोघांपैकी कोणालाच पटण्यासारखे नव्हते.

कपबश्या न्यायला आबांची लेक उंबऱ्याशी आली होती. सणाला माहेरी आलेली, इंदापूरकडे शाळेत शिकवते. दोघा वडीलधाऱ्यांचे बोलणे तिने ऐकलेच असणार. ती म्हणाली, "आबा, तुम्ही सत्तरी कधीच ओलांडली. परवानेवाला सत्तरीला पोचला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. मुलगी वारसात धरतात."

आम्ही तिघेही तिच्याकडे पाहत राहिलो. मी हा नियम वाचलेला होता. २०१६च्या नियमांत तो आहे. पण दोन दिवस दोन्ही रिव्हॉल्व्हरांच्या स्क्रूच्या खाचा तपासताना तो मला सुचला नाही, हे कबूल केले पाहिजे.

"तुला गं काय करायचंय?" आबा म्हणाले.

"आजोबांचं आहे. दादा पुण्यात, त्याला नको आहे. तो तसं लिहून देईल. माझ्या नावावर झालं तर ते मी राहते त्याच घरात राहील." आणि जरा थांबून, "मामंजींनाही रोज बघता येईल."

बापूंनी आधी आबांकडे पाहिले, मग माझ्याकडे आणि मग मोठ्याने हसले. रात्रीपासूनचे ओसरीवरचे मळभ त्या हसण्याने बरेच हटले. "म्हंजे सूनबाई, हात लावायला मला तुमची परवानगी घ्यावी लागणार."

"हात नाही लावायचा मामंजी, कायद्यात बसत नाही. खंडेनवमीला कुंकू लावायला या."

आता अर्ज गेला आहे. हत्यार हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, पोलिसांची चौकशी होते, आणि 'शिक्षिकेला रिव्हॉल्व्हर कशाला?' असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. मंजुरी मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. नाही मिळाली, तर वेब्ली पणदऱ्याच्या कपाटात आहे तसे राहील, आणि बापूंची हौस पुढल्या खंडेनवमीपर्यंत थांबेल. अदलाबदलीचा विषय मात्र मिटला. आबांनी मला बसपर्यंत पोचवताना एवढेच विचारले, की कुंकू लावायचे बंद करू का. मी म्हणालो, आता लाकडी पेटीला लावा. लोखंडाला लावायचेच असले तर आधी तेलाचा हात फिरवा आणि तासाभराने पुसून घ्या. त्यांनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती.

वसुबारसेच्या दिवशी बापूंचा फोन आला. मी चरकलो, वाटले, निकालाचा राग अजून गेला नसावा. पण त्यांना विचारायचे होते निराळेच. त्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरचे मूळ सिलिंडर आता कुठे मिळेल का? मी म्हणालो, मिळणार नाही. ते कुठल्या तरी दुसऱ्या अंगावर बसून केव्हाच दुसऱ्या नावाने विकले गेले असेल. मात्र त्या अडकणाऱ्या घराची दुरुस्ती परवानेवाल्या कारागिराकडून करून घ्या, आणि तोवर बार काढू नका.

"बार कशाला काढतोय?" बापू म्हणाले. "यंदापासनं आमच्याकडं पण पाटावर ठेवलंय. मंडळींनी कुंकू लावलं. मी पुसू दिलं न्हाई."